फ्रिजवरचा कागद

अण्णा, तुमची नात सोमवारी चाललीय. मिलिटरी पोलिसात आहे ती, ट्रेनिंग इथंच बेंगळुरात झालं. आफ्रिकेत कुठंतरी एकाच देशातली माणसं आपसात लढतायत, त्यांच्यामधे उभं राहायला तिला निळी टोपी देऊन धाडतायत. शांतीसेना म्हणे. तो शब्द ऐकला आणि तुम्ही आठवलात. तुम्हालाही फौजेनं हेच सांगून लंकेत नेलं होतं ना? दिल्लीनं तिथल्या सरकारशी करार केला, तमिळ लोकांना वाचवायला म्हणून तुम्ही गेलात, त्यांनी हार घातले, आणि थोड्याच महिन्यांत त्यांच्याच पोरांशी तुमची लढाई. कोणाच्या बाजूनं गेलो तेच कळेना, असं तुम्ही एकदाच बोललात.

परत आल्यावरची ती सकाळ मला अजून दिसते. बनशंकरीचं घर, तुम्ही स्टोव्हपाशी पाठमोरे चहा गाळताय. शेजारची तमिळ अक्का नेहमीसारखी मागल्या दारानं कढीपत्ता घेऊन आत येते. तुम्ही गर्रकन वळता आणि तमिळमधे ओरडता, "कै तूक्कु." हात वर. तिनं खरंच दोन्ही हात वर केले, कढीपत्ता सगळा जमिनीवर. मला हसू फुटलं तर तुम्ही थोबाडीत दिलीत. मग खाली बसून एकेक पान वेचलंत. अक्का म्हणाली, सरी अण्णा, असू दे, मला पण स्वल्प चहा द्या. पण नंतर ती पुढल्या दारानं, हाक मारून यायला लागली. आणि तुम्ही गल्लीत कोणाशी तमिळ बोलला नाहीत, मरेपर्यंत.

आता पोरीनं फ्रिजवर कागद लावलाय, तिथल्या भाषेतली वाक्यं. येता-जाता पाठ करते. परवा चपात्या लाटता लाटता मी विचारलं, काय गं लिहिलंय? पहिलं कसे आहात, दुसरं घाबरू नका.

"आणि हे शेवटचं?"

"हात वर. हे लागत नाही गं, नुसतं शिकवतात. थांब, तुझ्यावर करून बघते."

तिनं म्हटलं आणि माझे पिठाचे हात आपोआप वर गेले. ती हसत सुटली. मी तिला मारलं नाही.

तेव्हाच सांगायचं होतं सगळं. आजोबा लंकेत फौजेच्या लंगरात स्वयंपाक करायचे, एवढंच तिला ठाऊक आहे, आणि ते खोटं माझंच आहे. तुम्हाला लिहिलेला हा कागदही पिठाच्या डब्याखाली जाईल, तिच्या हाती लागायला नको. पण तुमच्यापाशी कबूल करते. हात खाली घेतल्यावर मी तिला म्हटलं, जोरात म्हण, एवढ्या हळू कोण ऐकणार. समोर कोण असेल, कढीपत्ता घेऊन आलं असेल का, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, अण्णा.