कुंपणाआतलं थडगं

३ एप्रिल १९८६
पुन्हा नाही! दादा नाकारलेला अर्ज घेऊन परत आला. तळावर लष्कराचा सराव चालू आहे, म्हणे. आजीचे आणि बाबांचे अस्थिकलश देवळात पाहुण्यासारखे पडून आहेत – बाबांचा तर अकरा वर्षं. घराण्याचं थडगं कुंपणाआत, अमेरिकनांच्या तळावर. शिमीच्या सणाला पितरांना जेवण वाढायला वर्षातून एकदा आत सोडतात. पण कलश आत ठेवायला थडगं उघडायची परवानगी मिळतच नाही.

दादा म्हणतो, “तू रोज आत जातेस ना? विचार की कुणाला तरी!” जाते ना. त्यांचे गणवेश इस्त्री करायला. विचारू कुणाला, कॉलरला?

५ एप्रिल
लाँड्रीच्या मागच्या खिडकीतून थडग्याची टेकडी दिसते. चारशे पावलं असतील. पण माझ्या पासवर फक्त ‘लाँड्री’.
महायुद्धात बेटावर झालेल्या लढाईनंतर छावणीतून परतलो तेव्हा मी दोन वर्षांची. गावाच्या जागी सपाट धावपट्टी. आता माझ्याच गावात पास दाखवून शिरते. फार चीड येते. मग घंटा होते आणि मी इस्त्री तापवते. दुसरं करणार काय!

९ एप्रिल
आईशी भांडण. “राहू दे त्यांना देवळात. काय वाईट आहे तिथे?”
म्हटलं, “आई, स्वतःच्या माणसांशेजारी जागा मिळू नये त्यांना?”
“तुला कशाला नसती उठाठेव?”
कारण विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही. दादा म्हणतो, म्हातारपण. मला वाटतं, तिचा बाबांवर जीवच नव्हता. लाज वाटते लिहायला, पण वाटतं खरं.

१४ एप्रिल
काही नाही. पाऊस. चाळीस शर्ट.

१८ एप्रिल
मिळाली!! रविवारी दहा ते बारा, उघडायच्या परवानगीसकट! दादा ओसरीत नाचला. आई टोफू तळत होती. तिने गॅस बंद केला आणि आत जाऊन पडली.

२० एप्रिल, रविवार
गेटवर तामाकी होता – आमच्याच आळीतला, अमेरिकनांच्या पगारावरचा पहारेकरी. “काय ताई, सुट्टीच्या दिवशीही इस्त्री?” मग गाडीत दादाच्या मांडीवरचे कलश दिसले आणि त्याने टोपी काढली. आई नको नको म्हणत शेवटी आली होती. डुकराचं मांस, तांदळाचे मोची, आवामोरी दारूची बाटली, सगळं नीट नेलं होतं.
बाबा आणि आजी परत देवळात आहेत. आज लिहवत नाही.

२२ एप्रिल
मेलेल्यांची नावं अस्थींच्या रांजणाच्या झाकणाच्या आतून लिहायची आमची रीत. आत नऊ रांजण होते. दादाने नऊही झाकणं उलटवली. एकही नाव आमचं नाही! तीस वर्षं परक्यांना वाढत होतो.

आई तिथेच खाली बसली. म्हणाली, “पहिल्यांदा आत सोडलं तेव्हा तुझ्या बाबांनीच बोट दाखवलं – हे आपलं. आपलं खरं तर गावाबरोबरच सपाट झालेलं. आजी आंधळी झालेली. रोज विचारायची, माझ्या माणसांना कोण वाढतं गं? तिला काय सांगणार? तुझे बाबा जाताना मला म्हणाले, मला मात्र तिथे ठेवू नकोस, दुसऱ्यांच्या घरात.”

अकरा वर्षं तिने हे एकटीने सांभाळलं. मला तिची माफीही मागता आली नाही.

आज लाँड्रीत काम झालं नाही. विमानं उतरत होती. चाकं नेमकी कुठे टेकतात ते बघत राहिले.