शेजारच्या मीटरचे बिल

मी, अनसूया हेमचंद्र लासूरकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार प्लॉट क्रमांक अठरा, पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि मोतीबिंदू काढल्यावर लख्ख दिसू लागलेल्या दोन्ही डोळ्यांनी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलसाहेब म्हणाले होते की दोन पानांत आटोपा. त्यांची फी देऊन झाली आहे, तेव्हा आता मी मला हवे तेवढे लिहीन.

मला दोन मुले. मुलगा हिमांशू बारा वर्षांपासून कॅनडात आहे. मुलगी सावनी इथेच शहरात, छावणी भागात, सासरी. पती हेमचंद्र सहा वर्षांपूर्वी वारले.

कलम १. पडेगावचे हे घर माझ्या नावावर आहे. ते आम्ही दोघांनी आमच्या पगारातून बांधले, त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. ते हिमांशू व सावनी यांना निम्मे निम्मे मिळावे. ठेवायचे, भाड्याने द्यायचे की विकायचे, हे सावनी ठरवील. टाकीचा कोणता नळ उलटा फिरतो हे फक्त तिलाच ठाऊक आहे. मात्र माझ्या पश्चात एक वर्ष कोणी काही ठरवू नये. घाईत ठरवलेले या घरात काय होते ते समोरचे फाटक पाहिले की कळते. ते आजतागायत नीट लागत नाही.

कलम २. बँकेतील ठेवी दोघांना सारख्या. पाटल्या सावनीला. त्या तिच्याच कपाटात आहेत, त्यामुळे शोधाशोध करू नये.

कलम ३. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी तेहतीस वर्षे काढली. निवृत्तीच्या दिवशी मिळालेला माझा जुना हेडफोन सावनीची मुलगी मोनिका हिला द्यावा. तिला तो लहानपणापासून हवा आहे. त्या नोकरीने मला दोन सवयी लावल्या. एकदा पाहिलेला नंबर विसरायचा नाही, आणि लाइनवर कानावर पडलेले बाहेर बोलायचे नाही. पुढची कलमे या दोन सवयींपायी लिहावी लागत आहेत. ती सावनी व हिमांशू यांनी दोघांतच वाचावीत, दार लावून, आणि हळू आवाजात. शेजारच्या द्वारकाबाईंचे कान अजून उत्तम आहेत.

कलम ४. हेमचंद्रांच्या तेराव्याला हिमांशू सावनीला सगळ्यांदेखत म्हणाला होता, "या घराचा दिवा मी तिकडून जळता ठेवलाय. पाच वर्षांत एक बिल चुकवलं नाही. तू गावात राहून काय केलंस?" सावनी स्वयंपाकघरात जाऊन ताटे घासत बसली, आधीच घासलेली. मी तेव्हा गप्प राहिले. सावनी, त्याबद्दल मी तुझी क्षमा मागते. मला उत्तर माहीत होते आणि ते देता येत नव्हते. आज देते.

कलम ५. हिमांशू, तू आजपर्यंत या घराचे एकही लाइट बिल भरलेले नाहीस.

रागावू नकोस, पुढे वाच. आपला आणि द्वारकाबाईंचा प्लॉट एकाच माणसाकडून घेतलेला, सांडू फकिरा गायके यांच्याकडून. दोन्ही मीटर त्यांच्याच नावाने बसले आणि आळशीपणाने तसेच राहिले. बिले वाटणारा दोन्ही बिले एकाच फाटकात खोचून जायचा. २०१४ च्या उन्हाळ्यात तू म्हणालास, "आई, आता बाबांनी रांगेत उभं राहायचं नाही, बिल मी इथून भरणार." तुझ्या बाबांनी मोठ्या उत्साहाने बिलाचा फोटो काढून तुला पाठवला. वर नाव सांडू फकिरा गायके, म्हणजे आपलेच, अशी त्यांची खात्री. फोटो द्वारकाबाईंच्या बिलाचा होता. चूक तुझी नव्हे, त्यांची.

पुढच्या महिन्यात आपले बिल थकबाकीसह आले. मी तुझी पावती फोनवर पाहिली आणि ग्राहक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचताच ओळखले. तुला लगेच फोन लावणार होते. पण आपल्याकडे संध्याकाळ म्हणजे तुझ्याकडे सकाळची धावपळ, म्हणून म्हटले, उद्या रविवार आहे, निवांत सांगू.

त्या रविवारी सकाळी द्वारकाबाई गल्लीत गूळ-शेंगदाणे वाटत होत्या.

द्वारकाबाई कोण, हे सावनीला माहीत आहे, पण हिमांशू तू त्यांना फक्त भांडताना पाहिले आहेस, म्हणून लिहिते. गंगापूरकडच्या शेजूळ घराण्यातल्या. त्यांचे पती काकासाहेब त्याच वर्षी फाल्गुनात गेले. एकुलता मुलगा कृष्णा दोन वर्षे आधी मस्कतला गाड्या चालवायला गेला होता. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, मग तेही थांबले. बापाच्या मातीलाही आला नाही. चार महिन्यांचे बिल थकले आणि वायरमन कनेक्शन तोडायची नोटीस देऊन गेला. गंगापूरचा कोणी माणूस मस्कतला निघाला होता, त्याच्याजवळ बाईंनी निरोप दिला होता, "कृष्णाला म्हणावं, बाकी काय नको, तेवढं लाइटचं भर." आणि महिन्याच्या आत बिल भरले गेले. थकबाकीसकट. तू मला फोनवर म्हणालाही होतास, "बाबांनी एवढं थकवलं कसं?"

आमचा तेव्हा अबोला होता. मधली भिंत त्यांनी नऊ इंच आमच्या बाजूला सरकवली, असे माझे म्हणणे होते आणि अजूनही आहे. तरी त्या फाटकाशी आल्या आणि माझ्या हातावर गूळ ठेवून म्हणाल्या, "वैनी, माझ्या कृष्णानं बिल भरलं. बोलत नाय, पण इसरला नाय बघा."

मी तो गूळ खाल्ला. मग तुला फोन लावला आणि हवापाण्याचे बोलले. हेमचंद्र म्हणाले, पुढच्या महिन्यात सांगू. त्या गोष्टीला अकरा वर्षे झाली.

पुढे गंगापूरचा तो माणूस मला बाजारात भेटला. मी सरळ विचारले. त्याला कृष्णा भेटलाच नव्हता. दिलेला पत्ता बंद होता आणि हे बाईंना सांगायची त्याची छाती झाली नाही. माझीही झाली नाही. कृष्णा आज कुठे आहे, आहे की नाही, हे मला माहीत नाही.

कलम ६. आपले बिल मी माझ्या पेन्शनमधून, दर महिन्याला बँकेच्या निमित्ताने छावणीत जाऊन, खिडकीवर भरत आले. सर्व पावत्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात तांबड्या पिशवीत आहेत. त्या हिमांशूला द्याव्यात. विश्वास बसला की टाकून द्याव्यात.

मीटरवरचे नाव बदलून घे म्हणून सावनी माझ्या मागे लागायची आणि मी नाही म्हणायचे, त्यामुळे मी हट्टी ठरले. नाव बदलले असते तर हिमांशूने विचारले असते की माझ्या पावतीवर अजून गायके कसे. हट्टी ठरणे सोपे होते.

हिमांशू, तू फोनवर मला रागवायचास. "आई, एवढंसं बिल? अंधारात बसतेस का?" द्वारकाबाईंच्या घरी एक दिवा, एक पंखा, बिल कितीसे येणार? मग तू मला एसी पाठवलास. मी तो मनसोक्त लावला, आणि तुझ्याकडचे बिल एक पैशाने वाढले नाही. तू इतका चिडलास की आठवडाभर बोलला नाहीस. शेवटी मी आमचा जुना कूलर द्वारकाबाईंकडे पाठवला. घरात जागा नाही, तुम्ही सांभाळा, असा तुझ्या बाबांकरवी निरोप देऊन. मे महिन्यात बिल चांगले फुगले. तुझा फोन आला, "आता कसं! अशीच राहा." त्या दिवशी मी आणि तुझे बाबा पोट दुखेपर्यंत हसलो. ते तसे हसलेले मी पुन्हा फारसे पाहिले नाहीत.

कलम ७. जुनी उणीदुणी. भिंतीचे नऊ इंच मी सोडून देत आहे. सावनी व हिमांशू यांनी तो विषय काढू नये. शेवग्याच्या फांद्या त्यांच्या अंगणात जातात, तिकडच्या शेंगा त्यांच्या.

या शेवग्यावरूनच एकदा मोठे भांडण झाले. गल्ली जमली होती. द्वारकाबाई कमरेला पदर खोचून म्हणाल्या, "तुमचं पोरगं फोनवर नुस्तं गोड बोलतं. माझं बोलत नाय, पर महिन्याच्या महिन्याला बिल भरतं. व्हय का नाय?" उत्तर माझ्या जिभेवर होते. चार आकडे म्हटले असते की संपले असते. मी घरात आले आणि कडी लावून घेतली. माझ्या आयुष्यात मी कोणाचे ऐकून घेतले असेल तर ते त्या एका दिवशी.

तीन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात पडले. सकाळचे दहा वाजले तरी माझ्या ओसरीचा दिवा चालू होता. तो पाहून द्वारकाबाई तरातरा आल्या. मला वाचवायला नव्हे, भांडायला. दारातूनच ओरडल्या, "वैनी, दिवसाढवळ्या दिवा! परदेशात पोरगं राबतंय, त्याच्या पैशाची काय किंमत हाय का नाय?" आणि मग मी कण्हलेले त्यांना ऐकू आले. तुझ्या पैशाच्या काळजीने त्या आल्या, हिमांशू, म्हणून मी आज हे लिहायला आहे. त्या दिवशी आमचा अबोला सुटला.

आता त्या दर महिन्याला बिल घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना वाचता येत नाही. विचारतात, "भरलं का वो माझ्या कृष्णानं?" मी चष्मा लावते, नीट पाहते आणि सांगते, "भरलंय." मग आम्ही चहा पितो.

कलम ८. आता मुद्द्याचे. मी गेल्यावर हिमांशू म्हणेल, आई नाही, घर बंद, बिल कशाला भरायचे, आणि भरणे थांबवील. म्हणूनच मला तोंड उघडावे लागले. बिल थांबले तर द्वारकाबाईंच्या घरात अंधार होईल; त्यावर काही उपाय निघेल, सावनी आहे. पण त्या बाईला वाटेल की कृष्णा गेला. त्यांच्या मुलाची खुशाली त्यांना महिन्यातून एकदा त्या कागदावरच मिळते. ती तू पाठवतोस, हिमांशू, न कळता का होईना. ती त्यांच्या हयातीपर्यंत चालू ठेवावी, ही माझी या मृत्युपत्रातली एकमेव आज्ञा आहे. बाकीचे सगळे सल्ले समजावेत. माझ्यामागे दर महिन्याला बिल वाचून दाखवायचे काम सावनीचे.

तुला वाईट वाटेल. आईचे घर उजळतो आहोत असे तुला इतकी वर्षे वाटले आणि ते खरे नव्हते. मला मात्र तुझा जेवढा अभिमान या चुकीमुळे वाटला तेवढा तुझ्या नोकरीमुळेही वाटला नाही. अकरा वर्षांत तू एक महिना चुकवला नाहीस. पोटच्या मुलाने ज्यांच्याकडे पाठ फिरवली, त्यांना मुलगा आहे असे तू वाटू दिलेस. हे तोंडावर सांगायचे धाडस माझ्यात नव्हते, म्हणून लिहून ठेवते.

कलम ९. माझ्या इच्छेची अंमलबजावणी सावनीने करावी. ज्याला लाभ आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेबांनी बजावले आहे. त्याप्रमाणे पाहिले. द्वारकाबाईंना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. त्यांना जे मिळते ते कृष्णाकडून मिळते.

कलम १०. हे कलम मी सहीपूर्वी वाढवत आहे. दोन्ही साक्षीदार येऊन बसले आहेत, चहा उकळतो आहे. आत्ता द्वारकाबाईंनी विचारले, "वैनी, तुमच्यामागं हे घर बंद ऱ्हायलं तर लाइट तोडून नेतील की. बिल कोण भरणार?"

मी म्हटले, "बघतील मुलं."

त्या म्हणाल्या, "हिमांशू लई लांब. सावनीच्या मागं तिचा संसार. तुम्ही नका जिवाला घोर लावून घेऊ. म्या कृष्णाला निरोप धाडते. माझ्यासंगं तुमचं बी भरील. माझा शब्द मोडायचा नाय तो."

मी म्हटले, "बरं. सांगा त्याला."

तेव्हा कलम आठमध्ये दुरुस्ती. हिमांशू, बिले दोन. दुसऱ्या मीटरचा क्रमांक तांबड्या पिशवीतल्या कोणत्याही पावतीवर आहे. दोन्ही वेळेवर भर. आणि कधी इथे आलास, अंगणात बसलास, आणि द्वारकाबाई तुझ्यासमोर कृष्णाचे गुण गाऊ लागल्या, तर मध्ये बोलू नकोस. सगळे ऐकून घे आणि म्हण, "मावशी, तुमचा कृष्णा खरंच गुणी आहे."

वरील मजकूर माझा, अक्षर माझे, इच्छा माझी. खाडाखोड कोठेही नाही. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या. मजकूर त्यांना वाचून दाखवलेला नाही.

सही: अनसूया हेमचंद्र लासूरकर

साक्षीदार १: डॉ. प्रेरणा वाघचौरे, राहणार मागची गल्ली, पडेगाव. लिहून देणाऱ्या बाईंना मी आज तपासले असून त्यांचे मन व स्मरण उत्तम आहे.

साक्षीदार २: द्वारकाबाई काकासाहेब शेजूळ, राहणार प्लॉट क्रमांक एकोणीस, पडेगाव. लिहिता फक्त सहीपुरते येते. सही स्वतःची, मुलगा कृष्णा याने चौथीत असताना शिकवलेली.

ठिकाण: पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार