एका सुनेला दोघींचा खर्च

१२ मार्च १९५६, सकाळी ११ वा. २० मि.
नेमक्या या वेळी पोस्टमनने विलायतेचं पाकीट हातात ठेवलं आणि माझं डोकं फिरलं. शालिनीने, म्हणजे सूनबाईने, तिथल्या विद्यापीठात शिक्षिकेच्या पदविकेसाठी केलेल्या अर्जाचं उत्तर. रजिस्ट्रारसाहेब कळवतात, एकाच अर्जासोबत दोन मुलींची कागदपत्रं आली आहेत. मॅट्रिकचा दाखला कुसुम गुप्ते हिचा, बी.ए.चा शालिनी कर्णिक हिचा. एकच येणार असेल तर तिचे दोन्ही दाखले पाठवा. दोघी येणार असतील तर दोघींच्या वर्षभराच्या राहण्याजेवणाची बँकेची हमी हवी. मुदत १५ मे.
माझ्या प्रॉव्हिडंट फंडात एकच मुलगी बसते. तीसुद्धा पाय दुमडून.

१३ मार्च
मधू ऑफिसातून आला, पत्र वाचून हसत सुटला. म्हणे, "आई, दोघींना एकाच खोलीत ठेवू. भाडं वाचेल." शा. म्हणाली, "त्यापेक्षा कुसुमला पाठवा. शालिनी इथे पोळ्या करील."
दोघांना जेवायला वाढलं, पण तूप नाही.
माहितीपत्रक पुन्हा वाचलं. तिथे खोलीतली शेगडीसुद्धा नाणं टाकल्याशिवाय पेटत नाही. शिवाय लोकरी कोट. दोन मुली म्हणजे दोन कोट.

१६ मार्च
घाटकोपरच्या वकिलांकडे. लग्नात कुसुम गुप्तेची शालिनी कर्णिक झाली याचा पुरावा मागतात. पुरावा कसला? ताटात तांदूळ पसरले होते, मधूने अंगठीने त्यात नाव लिहिलं.
"ते तांदूळ?"
"खाल्ले."
"मग प्रतिज्ञापत्र करावं लागेल. नाव ठरवलं कोणी?"
तीस वर्षं शाळेत मी प्रश्न विचारले, आज उत्तर देण्याची पाळी माझी. मधूच्या मावशीचं नाव कुसुम. हाक मारताना घोटाळा नको म्हणून शालिनी हे मीच सुचवलं होतं.
घोटाळा नको म्हणून.

१८ मार्च, रविवार
ट्रंकेतून माझं कॉन्व्हेंटचं प्रशस्तिपत्रक काढलं. इंग्रजी निबंधात पहिली, इंदू प्रधान. सिस्टर म्हणायच्या, या मुलीचं तोंड तिला अडचणीत आणणार. लग्नानंतर इंदू म्हणून कोणी हाक मारलेली नाही. मलाही कोणी विचारलं नव्हतं.
राग आला. कोणाचा, ते लिहीत नाही.

१९ मार्च
शा. पोळ्या लाटत होती. विचारलं, विलायतेत कोणत्या नावाने जायचं आहे?
"सहा वर्षांनी विचारताय, आई."
लाटणं थांबलं नाही. मग हळूच म्हणाली, "कुसुम कर्णिक. यांना विचारते आधी."
म्हटलं, त्याला काय विचारायचं? त्याने नुसती अंगठी धरली होती.

२० मार्च
प्रतिज्ञापत्रावर सही केली. सोबतचं पत्र इंग्रजीत, सिस्टरांना एक चूक सापडणार नाही असं. मजकूर असा:
"महाशय, आपल्याकडे पोचलेल्या दोन मुली ही माझी एकच सून. दुसरी मी निर्माण केली, पहिलीला न विचारता. जेवते एकीइतकंच. हमी एकीचीच जोडली आहे, दुसरी मिळणार नाही. माझ्या चुकीसाठी तिचं वर्ष घालवू नये. प्रवेश आहे की नाही हे आपण कुसुम कर्णिक याच नावाने लेखी कळवावे. १५ मेची मुदत आपलीच आहे, ती आपणही पाळावी. उत्तर त्या दिवशी सायंकाळी पाचच्या आत मुलुंडला पोचले पाहिजे. पाचनंतर आमचा पोस्टमन येत नाही."