लुगड्याची पट्टी

रोडपाली, १९९२

आये, दिपाचा पाया पडून नमस्कार.

बाळ गुटगुटीत हाय. मी पन बरी हाय. तुझ्या लुगड्याची पट्टी रोज पोटाला घट्ट बांधते, चुलीचा वास येतो तिला.

सासू मायेची हाय, पन बाळाला सर्दी होईल म्हणून मला घोटभरच पानी देते. नर्सबाई माझं सोळा वय ऐकून आधी चिडली, मग म्हणाली, भरपूर पानी पी. तवापासून तुझा जावई सुदाम वीटभट्टीवर जाताना खाटंखाली भरलेला तांब्या ठेवतो.

शुक्रे, ही ओळ आयेला वाचून दाखवू नको: उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते.

आये, बकरी व्याली का?

इथं येणारी सगळी बाळालाच बघतात. तू आलीस की आधी मला बघ.

तुझीच,
दिपा