पाकिटावर माझं तोंड

३ मे, शनिवार

पाकिटं आली. पाचशे, दोन खोक्यांत. खोकं फोडलं आणि बघते तर काय — मधोमध मी! आणि तीही कसली? डोळे वटारलेली, भुवया वर, ओठ वाकडे. गेल्या महिन्यात शेजारचं वासरू आमच्या वाळत घातलेल्या पापडांवर चढलं होतं, तेव्हा मी त्याला शिव्या घालत होते. नेमका तेव्हाच सुप्रियानं मोबाईलवर फोटो काढला. मला वाटलं, घरात हसायला काढला असेल. सूनबाई तो पिवळ्या पाकिटावर छापून रामनगरभर वाटणार, हे मला कोण सांगणार!

सुप्रिया डिझाईन शिकलेली, बेळगावला. घरी बसून लॅपटॉपवर लोकांच्या बाटल्या-डब्यांना रूप देते. जोयड्याच्या एका मधवाल्याला तिनं चष्मा लावलेली मधमाशी काढून दिली. कोकमाच्या बाटलीवर कोलांट्या मारणारे बेडूक. बेडकांचा आणि कोकमाचा काय संबंध, देवाला ठाऊक, पण बाटल्या खपतात. मी कधी तोंड घातलं नाही. मध दुसऱ्याचा, बेडूक दुसऱ्याचे. पण हे आमच्या महिला संघाचे फणसाचे पापड! वीस वर्षं साध्या पिशवीतून जातायत, वर कागदाची चिठ्ठी टाचलेली. कुणाचं काही अडलं नव्हतं.

अजून पुढं आहे. पाकीट फाडायची रेघ कुठून नेलीय? माझ्या तोंडातून! तिथं फाडलं की वरचा ओठ वर जातो, खालचा खाली, आणि इंदुबाई आ वासते. मग त्यात हात घालून पापड काढायचे. मागच्या बाजूला लिहिलंय — "हळू. मोडलात तर मी बघतेय."

सुप्रियानं मला चार वेळा फाडून दाखवलं. चारही वेळा ती हसली. मी एकदाही नाही. (एकदा थोडं आलं होतं, पण दाबलं.)

४ मे, रविवार

संघाची बैठक. म्हटलं, बायका माझ्या बाजूनं बोलतील. सुमंगला हसता हसता भिंतीला टेकली. म्हणते, आमच्या घरात तू आता फडताळात बसून नजर ठेवणार, पोरं पापडाला हात लावायची न्हाईत.

हात वर करून मतं घेतली. पाकीट ठेवायचं — अकरा. नको — एक. ती एक मीच.

६ मे, मंगळवार

आता फ्लेक्स! नागराजचं दुकान बसस्टँडसमोर, तिथं पापड ठेवतो तो. त्याच्या दुकानावर माणसाएवढा फ्लेक्स लावलाय. माझा तोच फोटो, काळा-पांढरा. कुंकू तेवढं लालभडक. भोवती झेंडूच्या फुलांचं गोल कडं, केशरी. वर "आमची इंदुबाई". खाली "१९६१ पासून कडक", आणि त्याखाली पापडाची जाहिरात.

माझं जन्मसाल गावाला सांगायचं काय कारण, विचारलं. सुप्रिया म्हणाली, आत्ती, जुन्या कंपन्या लिहितात तसं. म्हणजे मी आता कंपनी.

अमोलनं टेम्पो आडवा लावून, त्याच्या टपावर चढून फ्लेक्स बांधला. आईला दोरीनं बांधताना त्याला फार मजा येत होती.

८ मे, गुरुवार

आज जे झालं ते सगळं लिहायला पाहिजे.

सकाळी परसात फणस कापत होते. हात चिकानं माखलेले, तेल लावून बसले होते. पुढच्या दारात रडण्याचा आवाज. बघायला गेले तर खानापूरची माझी चुलत नणंद बाळी, ह्यांच्या गळ्यात पडून रडतेय. शेजारी डबा — भात आणि मटकीची आमटी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून करून आणलेली! ह्यांना ऐकू कमी येतं. बहीण एवढी रडते म्हणजे काहीतरी मोठंच झालं असणार, म्हणून हेही डोळे पुसत होते. कोण गेलं ते दोघांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं.

मी दारात आले. बाळीनं माझ्याकडं बघितलं आणि मटकन खाली बसली. तिला पाणी पाजलं, पाठ चोळली. मग कळलं — बसमधून उतरताना तिनं फ्लेक्स बघितला होता.

दुपारपर्यंत आणखी दोन घरची माणसं. त्यातली एक म्हातारी मलाच ओळखेना. माझाच हात धरून म्हणाली, सवाष्ण गेली, भाग्याची होती, पण तोंडाची फटकळ. मी म्हटलं, व्हय, फार फटकळ. बसा, चहा टाकते.

संध्याकाळी मी आणि सुप्रिया बसस्टँडवर गेलो. लांबून बघितलं आणि मी कपाळावर हात मारला. नागराजनं केळीचे घड नेहमीच्या आकड्यांना टांगले होते, आणि ते बरोब्बर फ्लेक्सच्या खालच्या भागावर आले होते. पासून, कडक, पापड — सगळं केळीमागं. उरलं काय? काळी-पांढरी मी, झेंडूचं कडं, नाव आणि घडांच्या फटीतून १९६१. ह्या भागात कुणीही दुसरं काय समजणार! श्रद्धांजलीची अशी चार तरी तोंडं दर महिन्याला त्याच चौकात लागतात.

सुप्रिया रडायला लागली. तिथल्या तिथं उतरवते म्हणाली. मी म्हटलं, आता अंधार पडतोय, उद्या अमोलला घेऊन येऊ. बाळीची आमटी रात्री आम्हीच जेवलो. चांगली होती.

९ मे, शुक्रवार

शिडी घेऊन गेलो, शिडी घेऊन परत आलो. फ्लेक्स तिथंच आहे.

झालं असं. अमोल शिडी लावत होता तेवढ्यात नागराज म्हणाला, अहो, तुमचे दिग्गीचे पाव्हणे आत्ताच येऊन गेले की. येसाजी. फाळाला धार लावायला आले होते. फ्लेक्ससमोर उभे राहिले, टोपी काढली, हात जोडले. नागराज गिऱ्हाइकात होता, बाहेर येईपर्यंत जीपनं हॉर्न मारला आणि ते चढून गेले. कुणाशी बोलले न्हाईत.

येसाजी म्हणजे केसरचा नवरा. केसर माझी पाठची बहीण. आम्ही नऊ वर्षं बोललो नाही.

अमोलच्या लग्नात मावशीची मानाची साडी होती, हिरवी इरकल. ऐनवेळी विहीणबाईंची बहीण रुसली आणि मी ती साडी उचलून तिला दिली. केसरच्या हातात ढिगातली दुसरी ठेवली. ती जेवली नाही. मांडवाच्या दारात उभी राहून म्हणाली, "आक्का, आता तू मेलीस तरी तुझ्या दारात पाय ठेवायची न्हाई मी."

आणि नाहीच ठेवला. बारशाला नाही, ह्यांच्या ऑपरेशनला नाही.

मी अमोलला म्हटलं, शिडी घरी ने. नागराजला म्हटलं, केळी हलवायची न्हाईत. दोघं माझ्याकडं बघत राहिले. बघू देत. आता मेलेय की मी! बघूया येते का.

१० मे, शनिवार

ओटा सारवला. दोनदा. अमोल म्हणतो, दिग्गीत फोन लागत नाही, मी टेम्पो घेऊन जातो आणि सांगून येतो, मावशी तिकडं रडत असेल. त्याला माझ्या गळ्याची शपथ घातली. सांगायचं नाही. तिनं आपल्या मनानं यायला पाहिजे.

जीप दोन आल्या. दोन्हीतून दुसरीच माणसं उतरली.

११ मे, रविवार

नाही.

१३ मे, मंगळवार

सांत्वनाला येणारी माणसं थांबली. गावाला कळलं. आता उलटंच सुरू झालंय — गोव्याला जाणाऱ्या गाड्या थांबतात, पोरी उतरतात, फ्लेक्सपाशी डोळे वटारून फोटो काढतात. नागराज म्हणतो, बाजूनं बघितलं की केळीमागची ओळ दिसते, मग हसतात आणि पाकीट मागतात. तीनशे गेली. मी दुकानात बसले होते तर एकीनं मला ओळखलं. म्हणाली, आजी, तसंच तोंड करा ना. मी खूप प्रयत्न केला. राग येईना! वासरू आणा म्हटलं.

घरी येऊन सुप्रियाला विचारलं, माझे बरे फोटोही होते की तुझ्याकडं, हाच का घेतलास? म्हणाली, "हसऱ्या बायका सगळ्याच पाकिटांवर असतात आत्ती. त्यांना कोण ओळखतं? तुम्हाला मात्र लांबून ओळखतात."

मला ते आवडलं. तिला तसं सांगितलं नाही, पण संध्याकाळी तिच्या आवडीची उसळ केली.

आणि केसरनंही लांबूनच ओळखलंय म्हणायचं. चार दिवस झाले. मेले तरी आली नाही.

१५ मे, गुरुवार

फार राग आलाय. दगड आहे दगड! लहानपणी तिला कडेवर घेऊन मी शाळेत जायची. गोवर आली तेव्हा तिच्या उशाशी बसून मी परीक्षा बुडवली. आणि एक साडी! एका साडीसाठी माणूस बहिणीच्या मरणाला येत नाही?

फणस कापताना बोट कापलं. सुमंगलाला उगीच ओरडले. तिनं पापड जाड लाटले होते, पण एवढे काही जाड नव्हते.

१६ मे, शुक्रवार

खरं लिहिते. इथं कोण वाचतंय?

साडी घाईत गेली असं मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगते. घाई नव्हती. मी चांगला विचार करून दिली. विहिणीकडची माणसं नवी, ती नाराज झाली तर सुनेला माहेरी जन्मभर ऐकावं लागेल. केसर काय, घरचीच. ती समजून घेईल. परक्यांना जपलं आणि आपल्या माणसाला ढिगातलं दिलं. मी तिच्या जागी असते तर मांडव डोक्यावर घेतला असता. ती नुसती निघून गेली.

हे मी तिला कधी म्हटलं नाही. तिच्याशी बोलायलाच मिळालं नाही, असं स्वतःला सांगत राहिले.

१७ मे, शनिवार

दुपारी जेवताना मी पुन्हा केसरचंच लावलं होतं. न यायची शपथ घेतली आणि मेल्यावरही पाळली, वगैरे. हे भात कालवत होते. मला वाटलं, ऐकू येत नाही. तर मान वर न करता म्हणाले, "तिनं न यायचं म्हटलं. तू काय म्हणालीस तेव्हा?"

मी म्हटलं, मी कुठं काय म्हणाले? मी पाहुण्यांची ताटं बघत होते.

"मग तुला कुणी अडवलंय?"

आणि ताक मागितलं.

मी ताक वाढलं आणि तिथंच बसले. खरंच की! शपथ तिची. तिनं माझ्या दारात यायचं नव्हतं. मी तिच्या दारात जायचं नाही असं कोण म्हणालं होतं? कुणीच नाही. माझे पाय मोकळे होते, नऊ वर्षं! आणि मी इथं बसून ओटा सारवते, जीपा मोजते. चौसष्ट वर्षांची बाई मी, अंगणवाडीत तीस वर्षं पोरांना शहाणपण शिकवलं, आणि एवढं सुचू नये!

नागराजला फोन केला, केळी दुसरीकडं टांग. आता सगळं वाचू दे लोकांना. सुप्रियाबरोबर जाऊन इरकल आणली, हिरवी. दुकानदारानं पाच दाखवल्या. मी सगळ्यात भारी घेतली आणि रंग उन्हात नेऊन बघितला.

सकाळची पहिली बस. पुढं जीप मिळेल ती. दार लावून घेतलं तर?

१८ मे, रविवार. दिग्गी

दार उघडंच होतं. घरात कुणी नाही. मागं गेले. केसर परसात उभी, पाठ माझ्याकडं. केस केवढे पांढरे झालेत! पुढं केळीच्या पानावर भात, कुळथाचं पिठलं, गुळाची खीर. माझ्या आवडीचं. येसाजीनं मला बघितलं आणि त्याच्या हातातला तांब्या पडला. मी तोंडावर बोट ठेवलं.

आज माझा दहावा. लग्न झालेल्या बहिणीला सुतकाचे तीन दिवस पुरतात, हिनं दहा पाळले. कावळा काही येत नव्हता. ती हात जोडून रडत म्हणत होती, "आक्का, घास घे गं. साडीचं मी कधीच मनातून काढलं होतं. तू एकदा बोलावशील म्हणून बसले होते मी."

मी जाऊन पानापाशी बसले आणि घास घेतला.

पिठल्यात मीठ कमी होतं. तसं तिला सांगितलं.