झडपेचे दोन सेकंद

गिरगाव,
शुक्रवार, २० जानेवारी १९५६

ती. दादा,

नमस्कार. आम्ही सारे ठीक. आईचा खोकला उतरला. ठाकूरद्वाराला संचारबंदी आहे, दूध मिळत नाही. तरी बाबा कोरा चहा पिऊन मुंबई कुणाची ते शेजाऱ्यांना तावातावाने सांगताहेत. वहिनीला घाटावरची थंडी बाधत नाही ना?

हे पत्र रामजी स्वतः घेऊन येतो आहे. करी रोडचा, तुझ्या झडपेवरच्या कोंडीरामचा थोरला भाऊ. खालच्या डॉक्टरांच्या फोनवरून तुझ्या पॉवरहाऊसला सकाळपासून लावते आहे, लाइन लागेल तर शपथ.

सोमवारची चाचणी थांबव.

हां, आता कपाळाला आठ्या घालशील. ऐक तरी. यंत्र पूर्ण भारावर असताना झडप दोन सेकंदांत मिटायची, हे तुझं गणित. झडप मिटली की अडलेल्या पाण्याचा दणका नळातून वर तळ्यापर्यंत जातो आणि फिरून खाली येतो. नळ सहा हजार फूट, दणका सेकंदाला चार हजार. जायला दीड सेकंद, यायला दीड. तू नुसतं जाणंच धरलंस रे! तीन सेकंदांच्या आत झडप मिटली तर सगळा दणका नळावर बसेल, आणि नळाचा पत्रा तेवढा जाड नाही. मी तीनदा करून पाहिलं. नळ फाटेल. त्या वेळी झडपेपाशी कोंडीराम असेल.

तू विचारशील, तपासलं कोणी होतं? खाली सही कोणाची?

माझी.

आपल्या कचेरीत दुसऱ्याने पहिल्याचा कागद न बघता गणित पुन्हा करायचं, मग ताडून पाहायचं. इतरांचं मी तसंच करते. तुझं अक्षर दिसलं आणि लाल पेन्सिलीने सरळ टिक करून मोकळी झाले. पाढे तू शिकवलेस, नोकरी तू लावलीस; दादाचं काय तपासायचं? हरताळात घरी बसून कच्चे कागद चाळले, तेव्हा कळलं. आणि खरं सांगू? ते कालच कळलं होतं. तुला चूक दाखवायची या धास्तीने मी अख्खा दिवस घालवला. माझी मलाच लाज वाटते.

रामजीपाशी दुसरं पाकीट आहे, तुझ्या मोठ्या साहेबांच्या नावाचं. त्यात आपल्या दोघांची चूक दोघांच्या नावानिशी लिहिली आहे. चाचणी थांबवलीस तर ते तूच नेऊन दे. नाही म्हणालास तर रामजी देईल.

रागाव, हवं तर जन्मभर बोलू नकोस. पण उत्तर मला पाठवू नकोस. रामजी समोर उभा असेल. त्याला मी सगळं सांगितलं आहे. सोमवारी त्याच्या भावाला कुठे उभं करणार, ते त्याच्या तोंडाकडे बघून सांग.

तुझे कागद तपासणारी,
सरू