पाचपैकी दोन

११ जानेवारी

आईला आज मंडळात परत बसवलं! मंडळ फोनमध्ये आणि आई पलंगावर, तरी बसवलं म्हणायचं.

झटका आल्यापासून तिची उजवी बाजू गेली आणि बोलायला एकच शब्द उरला – "हो". भूक लागली का? हो. नाही लागली? हो. आयुष्यभर जो शब्द तिच्या तोंडून ऐकायला मिळाला नाही, नेमका तोच उरावा! डॉक्टर म्हणतात, समजतं तिला सगळं. ते मला सांगायला नको. चादर वाकडी घातली की अजून तश्शीच बघते.

विणकाम मंडळातली माणसं सारखी विचारत होती, बाई कुठे आहेत, बाई कशा आहेत. शाळेत शिवण-विणकाम शिकवायची, म्हणून तिथेही ती सगळ्यांची बाई. तिथली पद्धत अशी – कुणी काही विणलं की फोटो टाकायचा, आणि बाकीच्यांनी त्याला टाके द्यायचे. एक ते पाच. पाच म्हणजे उत्तम. मी म्हटलं, एवढं तर करू शकेल ती. एकीनं विणलेल्या टोपीचा फोटो तिच्यासमोर धरला. "किती टाके? बोटांनी सांग."

उजव्या हाताच्या बोटांनी, अर्थात. फिजिओबाईंचा हुकूम आहे, जे काय करायचं ते उजव्यानं. डावा धडधाकट आहे, म्हणून तो मध्ये मध्ये करतो आणि उजवा आळशी होतो. त्यासाठी डाव्या हातावर मी एक मोजा विणलाय. बोटंबिटं काही नाहीत, नुसती पिशवी, मनगटाशी नाडी. दिवसातले बरेच तास तो हात बंद.

उजवा हात पांघरुणावरून हळूहळू उठला. दोन बोटं वर.

हसूच आलं मला. एवढं होऊनही आई ती आईच! त्या बिचारीच्या टोपीला दोन टाके दिले. मोजा पहिल्यांदा घातला तेव्हा त्यालाही विचारलं होतं, किती? दोन. चार संध्याकाळी बसून विणला होता मी. असो.

१३ जानेवारी

"जाड सुई" यांचा निरोप आला. हे मंडळ चालवतात. आईच्या वतीनं मी लिहिते, हे फक्त त्यांना सांगितलंय. निवृत्त गृहस्थ असावेत, कारण सकाळी पाचला लिहितात.

"बाई परत आल्या, फार आनंद झाला. पण ताई, आपल्याकडे तीनच्या खाली नुसता आकडा देत नाहीत. खाली कारण लिहायचं असतं." मग पुढे सगळा शिष्टाचार. नवीन माणसाच्या पहिल्या कामाला चार, डोळे मिटून. आपल्याला कुणी टाके दिले तर त्याच दिवशी जाऊन त्याचंही काम बघायचं. स्वतः होऊन टाके मागायचे नाहीत. "बाईंना हे सगळं माहीत आहे. पाळत मात्र त्या कधीच नव्हत्या," असं शेवटी, हसऱ्या चेहऱ्यासकट.

खरंच आहे. आई तीन द्यायची, क्वचित चार. पण खाली चांगलं पानभर लिहायची – कुठे टाका निसटलाय, कुठे लोकर ओढली गेली, काय केलं म्हणजे सुधारेल. लोक ते जपून ठेवायचे म्हणे. आम्हाला पानभर कधी मिळालं नाही. आमच्या वाट्याला "बरं आहे, पण".

आता कारण कुठून आणू? तिच्याकडे कारण एकच. हो.

मीच लिहिलं – "कड सैल आहे." होती थोडी.

१७ जानेवारी

रोज पाच-सहा फोटो दाखवते. ती बोटं दाखवते, मी आकडा टाकते, खाली कारण लिहिते. तिची भाषा मला पाठ आहे. "हात भरभर चालला, डोकं मागे राहिलं." हे तिचंच, माझ्या सातवीच्या रुमालावरचं! एका बाईंनी उत्तर दिलं, "बाई, तुमची चपराकसुद्धा औषधासारखी."

खरं लिहू? मजा येते. एवढी वर्षं मी तिच्या बोटाच्या त्या टोकाला होते. आता जरा ह्या टोकाला. वाईट आहे हे, कळतंय. कळूनही आज दोन जास्तीची वाक्यं लिहिली.

२० जानेवारी

तीन बोटं कधीच नाहीत. दोन, नाहीतर एक. संध्याकाळी तर बहुतेक एकच. संध्याकाळी जास्त कडक होते असं दिसतंय.

२१ जानेवारी

दिवसाच्या बाई, म्हणजे आईजवळ मी कामावर असताना बसतात त्या, निघताना म्हणाल्या, "फिजिओबाई खूश आहेत हं, हात सुधारतोय." कसा, किती, काही विचारलं नाही. सूप गॅसवर होतं.

२४ जानेवारी

दुकानात घाणेरडा दिवस. चष्म्याच्या दुकानात माणसाला आरशासमोर बसवून "हा बरा की तो?" विचारत राहणं हे माझं काम. आज एका साहेबांना सगळी भिंत रिकामी करून दाखवली. शेवटी पहिलीच फ्रेम घेतली, आणि जाताना दाराशी जे चेहऱ्यांचं यंत्र लावलंय त्यावर लाल दाबला! हिरवा हसरा, पिवळा मख्ख, लाल रागीट. काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही. नुसता लाल. मालक म्हणाले, "ताई, थोडं हसत जा की."

घरी आले ती हे डोक्यात घेऊनच. कपडेसुद्धा न बदलता आईला फोटो दाखवायला बसले.

"खिडकी"नं शाल टाकली होती. तिकीट खिडकीवर असते, म्हणून हे टोपणनाव. गर्दी ओसरली की मांडीवर विणते. सुई कशी धरायची इथपासून आईनं तिला शिकवलं, सगळं मंडळातूनच. दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. बाईंकडून एकदा चार टाके मिळवायचेत, एवढं एकच तिचं म्हणणं असायचं. राखाडी शाल, कडेनं पानांची जाळी. खाली लिहिलेलं – "बाई, घाई नाही. बरं वाटेल तेव्हा बघा."

आईनं खूप वेळ बघितलं. मग हात उठला. दोन बोटं. आणि खाली जाईचना. तसाच वर.

"दोन?" मी विचारलं.

"हो." मग परत, "हो. हो हो हो!" चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. तेवढ्यात डावा हातही मोज्यासकट पांघरुणातून बाहेर. मी तो धरून आत दाबला. "डावा नाही! किती वेळा सांगायचं!" परत काढला. परत दाबला. मनात म्हटलं, शालीवर एवढा राग? आजारपणातसुद्धा?

दोन टाके. कारण लिहिलं – "जाळीचा ताण सारखा नाही. पानं एका बाजूला झुकली आहेत. असं मिरवण्यापेक्षा उसवून नव्यानं करावं."

पानं झुकलेली मला दिसली नव्हती. मला तो लाल चेहरा दिसत होता.

२५ जानेवारी

खिडकीचं उत्तर नाही. नेहमी तासाभरात "बाई, लक्षात ठेवते" असं यायचं.

२८ जानेवारी

उसवली.

फोटो टाकलाय. पलंगावर राखाडी लोकरीचे गुंडे, ओळीनं. लोकर कुरळी, टाक्यांची वळणं अजून तशीच. खाली – "बाईंनी सांगितलं म्हणून उसवली. त्यांचं बरोबरच असणार. पण आता पुन्हा टाके घालायचं बळ नाही. सुया बहिणीला देऊन टाकते. सगळ्यांचे आभार."

आणि शिष्टाचार बघा – त्या गुंड्यांच्या फोटोला सगळ्यांनी पाच-पाच टाके दिलेत! जाड सुई यांनीसुद्धा. काय बोलावं सुचत नसलं की पाच द्यायचे, तसे.

एका रिकाम्या रागापायी मी एका मुलीची शाल उसवायला लावली. साहेबांनी लाल दाबला तर माझं काही उसवलं नाही. घरी येऊन जेवले मी.

२९ जानेवारी

पानं पुन्हा मोठी करून बघितली. कुठेही झुकलेली नाहीत.

३० जानेवारी

आईनं संध्याकाळी फोनकडे बघून "हो?" केलं. प्रश्नासारखं. मला वाटतं, शाल पुन्हा बघायची होती. मी घाईघाईनं कुणाचे तरी पायमोजे दाखवले. तिनं डोळे मिटले. हात उठलाच नाही. मग मीही फोन बाजूला ठेवला.

तिला कसं सांगू? तिच्या नावावर मी लिहिलं. तिनं सुई धरण्यापासून शिकवलेल्या विद्यार्थिनीला मी पळवून लावलं. ती आता ओरडूही शकत नाही मला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

३ फेब्रुवारी

दुकानात एका आजीबाईंनी जाताना यंत्रावर सगळे चेहरे एकापाठोपाठ दाबले. "छान आहे हो खेळणं," म्हणाल्या. सगळे हसले. मला हसू येईना.

६ फेब्रुवारी

तीनदा निरोप लिहिला, तीनदा खोडला. कसंही लिहिलं तरी त्यात मीच बिचारी दिसते. दुकानात मालक दमवतात, घरी आजारपण, वगैरे. ते सगळं काढलं तर उरतं एवढंच – मी खोटं लिहिलं. हे तीन शब्द लिहायला इतके जड जावेत!

९ फेब्रुवारी

आज पाठवला. फक्त खिडकीला. मंडळात सगळ्यांपुढे सांगायची हिंमत नाही, हेही इथे लिहून ठेवते.

"मी बाईंची मुलगी. त्यांना बोलता, लिहिता येत नाही. खालची कारणं त्यांची नव्हती, माझी होती. जाळी, पानं, उसवायला सांगणं, सगळं मी मनानं लिहिलं. मला विणकामातलं धड कळतही नाही. माफ करा म्हणायलाही लाज वाटते."

भांडी घासली, आईची औषधं दिली, डाव्या हाताचा मोजा काढून हात पुसला, मोजा परत घातला. मग फोन वाजला.

"कारणं तुमची होती?"

"हो."

"आणि आकडा?"

इथे मला एकदम हायसं वाटलं, कारण ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं. लिहिलं, "आकडा आईचाच. तिनं स्वतः बोटं दाखवली. दोन. त्यात मी काडीचाही फरक केला नाही."

थोड्या वेळानं – "मग झालं तर, ताई. बाईंचे दोन म्हणजे दोन. कारण काय, ते मी शोधलं असतंच. उसवायचीच होती ती. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

वर माझीच समजूत काढली तिनं!

१० फेब्रुवारी

बऱ्याच दिवसांनी नीट जेवण गेलं. वाईट वागले ते वागलेच. पण निदान आकडा खरा होता. शाल चांगली असती तर आईनं चार दिलेच असते. ती कुणाची भीडभाड ठेवणारी नव्हे. त्या मुलीची शाल शेवटी माझ्यामुळे नाही गेली, आईच्या नजरेमुळे गेली. आईची नजर चुकत नाही.

हे दोनदा वाचलं. बरं वाटतं वाचून.

१३ फेब्रुवारी

खिडकीला विचारलं, सुया खरंच दिल्या का? "दिल्या. बहीण भाजलेली वांगी उलटायला वापरते." पुढे हसरा चेहरा. तो काही खरा नसावा.

१६ फेब्रुवारी

दुकान बंद. फिजिओबाईंना काम करताना आज पहिल्यांदाच बघितलं. आईचा उजवा हात उशीवर ठेवून म्हणाल्या, "चला, सगळी बोटं वर!"

दोन.

मी म्हटलं, "आई, सगळी म्हणतायत त्या."

"अहो, हीच सगळी," त्या हसत म्हणाल्या. "ही दोनच उठतात अजून. बाकीची झोपलीत. संध्याकाळी दमल्या की ह्यातलंही एक पडतं. पण दोन म्हणजे पुष्कळ हं! सांगितलं होतं की मी दिवसाच्या बाईंना."

त्या गेल्यावर डाव्या हाताचा मोजा काढायला बसले. नाडी सुटेना. गाठ मीच मारलेली. शेवटी दातांनी सोडवली.

"आई, हा मोजा. किती?"

डावा हात उठला. तीन बोटं.

"आणि ती राखाडी शाल?"

पाच. पाचही, ताणून. कळलं, कळलं म्हटलं तरी हात खाली घेईना.